सोलापुरात प्लॉट घेण्याआधी झोन दाखला कसा काढायचा

सातबाऱ्यावर मालकी कळते, जमिनीचा वापर ठरतो तो विकास आराखड्यात. म्हणून इसार देण्याआधी झोन दाखला (आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा कागद) आणि भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा), दोन्ही मागा. नुसता दाखला पुरत नाही. ‘रहिवास’ लिहिलेल्या गटातूनही आराखड्यातला रस्ता जाऊ शकतो, आणि तो नकाशावरच नीट दिसतो.

जागा महापालिका हद्दीत असेल तर अर्ज पालिकेच्या नगररचना विभागात. बाळे, शेळगी, मजरेवाडी हा हद्दवाढ भागही त्यातच येतो. हद्दीबाहेर असल्यास जिल्ह्याच्या नगररचना शाखेत विचारा. सोबत ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि गट नकाशा जोडा. गटाचा नंबर जुना-नवा झाला असेल तर दोन्ही लिहा. चुकीच्या नंबराचा दाखला कागद म्हणून खरा, पण जागा भलतीच!

रस्ता प्लॉटला चाटून जात असेल तर भूमी अभिलेखची मोजणी करून रेखांकन, म्हणजे रस्त्याची रेघ जागेवर आखून, मागा. नकाशावरची रेघ डोळ्यांनी मोजू नका.

आरक्षण निघालं, म्हणजे जागा आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेली असली, तर? 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षं उलटली आणि जागा संपादित झाली नसेल, तर मालक मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. तशी राजपत्रातली अधिसूचना दाखवल्याशिवाय ‘आरक्षण उठलंय’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.