कौटुंबिक छायाचित्रांतील माणसांना नावे कशी द्यावीत

चेहरे शोधण्याचे काम संगणक करतो, पण नाव कोणत्या रूपात लिहायचे हे आपणच आधी ठरवावे लागते. ‘आई’, ‘अण्णा’, ‘बेबीआत्या’ असे टॅग (चेहऱ्याला जोडलेली नावाची खूण) कटाक्षाने टाळावेत, कारण एकाची आई ही दुसऱ्याची मावशी असते आणि पुढच्या पिढीला त्यावरून काहीच उलगडत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे पूर्ण नाव लिहावे. नातवाला आजोबांचे नाव ठेवलेल्या घरात दोघांचीही पूर्ण नावे फसवी ठरू शकतात, म्हणून जन्मसाल जोडावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीसाठी दोन टॅग करू नयेत. एकाच टॅगमध्ये माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे ठेवावीत, म्हणजे परकर-पोलक्यातली मुलगी आणि साठीतली आजी एकाच शोधात सापडतात.

यासाठी डिजिकॅम ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली मला सर्वांत योग्य वाटते. ती चेहरे आपल्याच संगणकावर ओळखते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नावे व चेहऱ्यांच्या चौकटी छायाचित्राच्या फाइलमध्येच एक्सएमपी (फाइलमध्ये माहिती साठवण्याची एक प्रमाणित पद्धत) स्वरूपात लिहू शकते. त्यासाठी सेटिंग्जमधील मेटाडेटा (छायाचित्रासोबत साठवलेली माहिती) विभागात फेस टॅग्ज लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे. गूगलने २०१६ मध्ये पिकासा ही छायाचित्रे सांभाळण्याची प्रणाली बंद केली. तिच्यात ज्यांनी दिलेली नावे फाइलबाहेरच राहिली होती, त्यांना ती दुसरीकडे नेताना अडचण आली.

डिजिकॅमच्या डाव्या कडेच्या ‘पीपल’ विभागातून संग्रह तपासायला लावावा. प्रत्येक व्यक्तीची बालपणीची, तरुणपणीची आणि उतारवयातली काही स्पष्ट छायाचित्रे आधी स्वतः नोंदवली, तर पुढची ओळख अधिक बरोबर येते. सुचवलेली नावे ‘अनकन्फर्म्ड’मध्ये जमतात, ती सरसकट मान्य करू नयेत, कारण सख्ख्या बहिणींमध्ये गल्लत होते आणि चुकीची मान्यता पुढच्या सूचनाही बिघडवते. लग्नातल्या जुन्या समूहचित्रात मागच्या रांगेतला, फेट्याखाली अर्धा झाकलेला चेहरा यंत्राला दिसत नाही. तिथे हाताने चौकट आखावी. अनोळखी लोकांना ‘इग्नोअर्ड’मध्ये टाकावे, पण आज ओळखू न येणाऱ्या नातेवाइकांना मात्र नाही. त्यांच्यासाठी ‘अज्ञात, मागची रांग, डावीकडून तिसरे’ असा तात्पुरता टॅग करावा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर संगणकाचा पडदा ठेवून नाव विचारावे. हे काम सणावारावर ढकलू नये, याच आठवड्यात करावे.

तयार छायाचित्रे नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत; नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास फाइलमधली नावे गळून जातात. समाजमाध्यमांवर लहान मुलांची छायाचित्रे टाकण्यापूर्वी मात्र त्या प्रतीतून नावे काढून टाकावीत.