मुलाच्या जनुकीय अहवालातील पेशीसंदेशाचा बिघाड कसा वाचावा

अहवाल हाती आल्यावर जनुकाच्या नावावर अडून न राहता आधी एकच प्रश्न विचारावा : या बदलामुळे पेशीतला संदेश बंद पडला आहे, की तो थांबायचे नाव घेत नाही? उपचारांची दिशा बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरते.

अकॉन्ड्रोप्लेशिया हा जन्मजात बुटकेपणाचा विकार याचे बोलके उदाहरण आहे. त्यात एफजीएफआर३ या ग्राहक प्रथिनात, म्हणजे बाहेरचा संदेश टिपून पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनात, ३८०व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन येते. हे प्रथिन मुळात हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेला लगाम घालते. बदलामुळे तो लगाम प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि हातपाय आखूड राहतात. म्हणजे ग्राहक निकामी झालेला नसून अतिउत्साही झालेला असतो, आणि वाचताना नेमके हेच उलटे समजले जाते. सुमारे ८० टक्के मुलांत हा बदल नव्यानेच उद्भवलेला असतो, त्यामुळे आईवडिलांनी स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही.

नूनन सिंड्रोम या कमी उंची आणि हृदयदोष आढळणाऱ्या जन्मजात विकारातही संदेश वाजवीपेक्षा जास्त चालतो. जवळपास निम्म्या रुग्णांत दोष पीटीपीएन११ जनुकात सापडतो, आणि तसे निदान झाल्यास हृदयाची इकोकार्डिओग्राफी राहून गेलेली नाही ना, हे पाहावे. लॅरॉन सिंड्रोम या वाढ खुंटवणाऱ्या विकारात उलट घडते : रक्तात वाढीचे संप्रेरक भरपूर असते, पण ग्राहकच सदोष असल्याने तेच संप्रेरक टोचून उपयोग होत नाही.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या बदलावरून मात्र निदान ठरवू नये. तो आईवडिलांपैकी कोणात आहे का, हे जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने तपासून घ्यावे.