आमदारांपुढे प्रश्न मांडताना: समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी

क्षेत्रकार्यात वस्तीवर जे दिसते ते अहवालात उतरते, पर्यवेक्षकांची सही होते आणि बहुतेक वेळा ते तिथेच संपते. त्यातला एखादा प्रश्न विधिमंडळापर्यंत न्यायचा असेल, तर आमदारांची वेळ मागण्याआधी तो कशात अडला आहे हे शोधून काढावे लागते: कायद्यात, शासन निर्णयात, अर्थसंकल्पात, की केवळ तहसील कार्यालयातील एका टेबलावर. विद्यार्थ्यांची बरीचशी निवेदने इथेच फसतात, कारण ‘निराधार महिलांना न्याय मिळावा’ या मागणीवर मान डोलावण्यापलीकडे आमदारांना काही करता येत नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचेच उदाहरण घ्या. सर्वसाधारण अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवण्यात आली आहे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साठही नाहीत. दोन घरची धुणीभांडी करणारी विधवासुद्धा या मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही मर्यादा शासन निर्णयाने ठरत असल्यामुळे ती वाढवण्यासाठी नवे विधेयक आणावे लागत नाही, आणि म्हणूनच ‘उत्पन्नमर्यादा अमुक इतकी करावी’ ही एक ओळीची मागणी आमदार थेट सामाजिक न्याय मंत्र्यांपुढे ठेवू शकतात. निवेदन लिहिण्यापूर्वी शासनाच्या संकेतस्थळावरील ताजा शासन निर्णय मात्र वाचून घ्यावा. तालुक्यात किती अर्ज आले आणि किती नामंजूर झाले हे माहितीच्या अधिकारात मागवावे. उत्तरासाठी ३० दिवस धरावे लागतात, त्यामुळे हे काम शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीलाच हाती घेतलेले बरे.

विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी वस्ती ज्यात येते तिथल्या आमदारांकडे जावे, महाविद्यालय ज्यात आहे तिथल्या नव्हे. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ७ जण पदवीधर मतदारसंघांतून, म्हणजे पदवीधरांच्या मतांवर, निवडून येतात. त्यांच्याकडे विद्यार्थी सहसा फिरकत नाहीत, आणि ही सवय बदलण्यासारखी आहे. आपले आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे वेगळी विनंती घेऊन जावे लागते.

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर आमदार निवासाच्या पायऱ्यांवर उभे राहण्यापेक्षा दीड-दोन महिने आधी मतदारसंघातील जनसंपर्क कार्यालयात गेलेले अधिक उपयोगी ठरते.

निवेदन एका पानाचे असावे आणि ‘विषय’ या ओळीतच मागणी यावी. भेटीत दोघांनीच बोलावे: एकाने आकडे सांगावेत, दुसऱ्याने एका कुटुंबाची हकिकत. त्या कुटुंबाची संमती घेतलेली असली तरी नाव, गल्ली, जात असे ओळख पटवणारे तपशील गाळावेत, कारण कार्यालयात त्याच वस्तीतले कार्यकर्ते बसलेले असतात. ज्या संस्थेत आपले क्षेत्रकार्य चालू आहे तिची परवानगीही आधीच घ्यावी. निघताना निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. फोटो सगळेच काढतात, पाठपुरावा मात्र पोचेवरच चालतो.

निवेदनासोबत तारांकित प्रश्नाचा मसुदा जोडणे हे माझ्या मते सर्वांत फलदायी काम आहे, कारण स्वीय सहायकांना तयार मजकूर हवा असतो. विधिमंडळातील प्रश्नाची भाषा ठरलेली असते: ‘अमुक तालुक्यात उत्पन्नमर्यादेमुळे निराधार महिलांचे अर्ज नामंजूर झाले आहेत, हे खरे आहे काय; असल्यास, ही मर्यादा वाढविण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना, आणि अडचण निधीची असेल तर अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम नाममात्र कमी करण्याचा प्रस्ताव मांडून त्या विषयावर चर्चा घडवणे), हे मार्ग आहेत.

उत्तर बहुधा ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापून येते. ते आले की त्याच आठवड्यात माहिती अधिकारातील आकडे त्याच्या शेजारी मांडून, कुठे तफावत आहे ते दाखवणारे अर्ध्या पानाचे टिपण स्वीय सहायकांकडे पोहोचवावे आणि त्यावरही पोच घ्यावी.