कूलर लागायच्या आधी डीबी बदलून घ्या

नागपुरात डीबीची, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या स्विचच्या डब्याची, परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५च्या वर, एसी दिवसभर चालू, खिडकीत कूलर आणि टाकीवर मोटर. त्यामुळे हे काम मार्चमध्येच उरका.

आधी झाकण उघडून काय आहे ते बघा. पहिला मेन आयसोलेटर, म्हणजे नुसता बंद-चालू करणारा. त्यानंतर टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी आणि पुढे एमसीबींची, म्हणजे प्रत्येक सर्किटच्या आपोआप पडणाऱ्या स्विचची, रांग. एमसीबी जास्त करंट आणि शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी असतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतो का, हे तो बघतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की सप्लाय तोडतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवला असेल तर माणसाच्या जिवासाठी त्याचा भरवसा धरू नका. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूज (तार घालायचा चिनी मातीचा) असेल, तर आरसीसीबी बहुधा नाहीच.

कूलरवर जोर देण्याचं कारण आहे. पाण्यात बुडालेल्या पंपाचं इन्सुलेशन गेलं की टाकीतलं पाणी आणि पत्र्याची बॉडी दोन्हींत करंट उतरतो. आर्थिंग नीट असेल तर आरसीसीबी तेव्हाच पडतो. आर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर पडतो. म्हणून दोन्ही हवेत, आणि तरीही पाणी भरताना प्लग काढायचाच.

आता लोड. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर, २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९, एक एचपीची मोटर ५-६, इस्त्री ४-५, कूलर जेमतेम १. दोन एसी, मोटर, इस्त्री, फ्रिज आणि पंखे मिळून ३०च्या घरात जातात. गिझर हिवाळ्यातला, तो एसीबरोबर बेरजेत धरायची गरज नाही. बेरीज बिलावरच्या मंजूर भारापेक्षा जास्त निघाली, तर आधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

लाइट-पंख्याला दीडची (चौरस मिलिमीटर) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची वायर आणि १६चा. एसी आणि गिझरला प्रत्येकी वेगळी चारची वायर, २०चा एमसीबी. लाइटला बी कर्व्हचा एमसीबी, एसी-मोटरला सी कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा मोठा करंट सोसणारा, कारण सुरू होताना त्या कित्येक पट करंट ओढतात. एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी टाकणं, ही सगळ्यात घातक चूक. मग वायरच फ्यूज होते, तीही भिंतीच्या आत.

एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर बंद डब्यात ५० अंश झाले की १६चा एमसीबी १४च्या आसपासच पडू शकतो. डीबी आतल्या सावलीच्या भिंतीवर घ्या आणि गरजेपेक्षा दोन-चार वे (एमसीबीच्या जागा) मोठा, म्हणजे जास्त लोडच्या एमसीबींमध्ये रिकामी जागा सोडता येते.

प्रत्यक्ष बदल परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकाला करंट असतोच, आणि इन्व्हर्टर बंद केला नाही तर त्याची सर्किटंही जिवंत राहतात. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून बघायचा. जुन्या जोडणीचा फोटो आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी.

आरसीसीबी एकच न लावता दोन लावा: एकावर कूलर, बाथरूम आणि मोटर, दुसऱ्यावर बाकीचं घर. प्रत्येकाची न्यूट्रल लिंक (न्यूट्रल तारा जोडायची पट्टी) वेगळी. एकाची न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर किंवा इन्व्हर्टरच्या न्यूट्रलमध्ये मिसळली की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. मग वैतागून तो काढून टाकायची वेळ येते, म्हणून इथे घाई नको. तारांच्या टोकांना लग (धातूची टोपी) लावून स्क्रू घट्ट करा. जळका वास, काळं पडलेलं टोक हे बहुधा ढिल्या स्क्रूचंच काम.

सप्लाय देण्याआधी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासणी. प्रत्येक सर्किट १ मेगओहमच्या वर हवं. सप्लाय दिल्यावर दोन्ही आरसीसीबींचं टेस्ट बटण दाबा, पुढेही दर महिन्याला. बटणाने तो पडला नाही तर बदला. पडला म्हणजे आरसीसीबी ठीक आहे, आर्थिंग ठीक आहे असं मात्र नाही.

आर्थिंगचं वेगळं मोजमाप करा, ५ ओहमच्या आत ठेवा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातल्या पाइपभोवती पोकळी होते आणि रेझिस्टन्स वाढतो. एप्रिलपासून पावसापर्यंत आर्थिंगच्या खड्ड्यात दर तीन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओतत राहा.