लहानपणीची दुकानांची रांग कागदावर कशी उतरवावी

वेम्ब्ली, हॅरो, हाउन्स्लो अशा लंडनच्या उपनगरांत घरांच्या मधोमध आठ-दहा दुकानांची सलग रांग असते. खाली दुकानं, वर राहती घरं. तिथे तिला 'पॅरेड' म्हणतात. खाटीक, भाजीवाला, पेपरवाला, लाँड्रेट (नाणं टाकून कपडे धुण्याचं दुकान), फिश अँड चिप्स. तिथे वाढलेल्या माणसाला ही रांग तोंडपाठ असते, पण ती कुठे लिहिलेली नसते. १९५० आणि ६० च्या दशकांतली रांग ज्यांना आठवते ती मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

वॉलपेपरचा उरलेला रोल घ्या आणि त्याची मागची कोरी बाजू वापरा. दर दुकानाला ४ सेंमी रुंदी धरली की १२ दुकानं अर्ध्या मीटरमध्ये बसतात. मध्ये रस्ता आखा आणि दोन्ही बाजूंची दुकानं समोरासमोर ठेवा. प्रत्येक दुकानाला एकाखाली एक चार चौकटी द्या, एका दशकाला एक. सगळं पेन्सिलीने, कारण निम्मं तरी खोडावं लागतं.

आता विचारणं. "कोणकोणती दुकानं होती?" असं विचारलंत तर तीन-चार नावं येतात आणि गाडी अडते. त्याऐवजी माणसाला चालवा: "काकू, आईनं पाव आणायला धाडलंय. फाटकातून बाहेर पडलात. डावीकडे की उजवीकडे? रस्ता कुठे ओलांडला? दार ढकललं की घंटा वाजायची का?" पाय चालू लागले की दुकानं आपोआप येतात. वास विचारा, कारण लाकडाचा भुसा पसरलेली खाटकाची फरशी किंवा रॉकेलचा हार्डवेअरवाला अशाने पटकन सापडतो. जुना फोटो मात्र शेवटी दाखवा. आधी दाखवला तर माणूस आठवण सोडून फोटोचं वर्णन करू लागतो, आणि ते वेगळं काढता येत नाही.

सर्वांत मोठी चूक वर्षांची होते. पाच वर्षांचं असतानाचं दुकान आणि बाराव्या वर्षीचं दुकान डोक्यात एकाच जागी जाऊन बसतं. इथे नाणी कामाला येतात. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान चलन आलं. त्याआधी पौंडात २४० पेन्स होते, नंतर १०० नवे पेन्स. पण "सिक्सपेन्स (सहा जुन्या पेन्सचं नाणं) दिला" एवढ्यावरून १९७१ च्या आधीचं ठरवू नका. ते नाणं अडीच नव्या पेन्सच्या भावाने १९८० पर्यंत चालत होतं. "अर्ध्या पेनीची गोळी" याहून फसवी, कारण अर्ध्या पेनीची नाणी दोन होती, जुनं आणि नवं. अशा वेळी विचारा, नाण्यावर जहाज होतं की मुकुट? शिडाचं जहाज असलेलं मोठं तांबूस नाणं १९६९ मध्ये बंद झालं. मुकुटाचं चिमुकलं नाणं १९७१ ते १९८४ चं. कूपनाशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या, असं कोणी म्हणालं तर ती आठवण ५ फेब्रुवारी १९५३ च्या आधीची, कारण त्या दिवशी मिठाईचं रेशनिंग उठलं. बरणीतल्या गोळ्या 'क्वार्टर'ने म्हणजे पाव पौंडाने, सुमारे ११३ ग्रॅम, मिळायच्या. त्यावरून मात्र दशक कळत नाही.

फोटोतल्या पाटीवर फोन नंबर असेल तर उत्तमच. लंडनचा ०१ हा कोड मे १९९० मध्ये ०७१ आणि ०८१ झाला, १९९५ मध्ये ०१७१ आणि ०१८१, आणि २००० मध्ये ०२०.

पाटीवरच्या नावावर मात्र विसंबू नका. १९६८ च्या सुमारास केनियातून आणि १९७२ मध्ये युगांडातून आलेल्या अनेक गुजराती कुटुंबांनी पेपरची आणि किराणा दुकानं चालवायला घेतली. मालक बदलले तरी पाटी जुनीच राहायची. म्हणून चौकटीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: पाटीवरचं नाव, गल्ल्यावरचा माणूस, आणि मुलं त्या दुकानाला काय म्हणायची.

मग कागदपत्रं. बरोच्या (लंडनच्या त्या भागाच्या स्थानिक प्रशासनाच्या) स्थानिक इतिहासाच्या संग्रहात केलीच्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रस्त्यावार दुकानांची आणि रहिवाशांची नावं देणारी जुनी छापील पुस्तकं, मागा. त्यांत रस्त्याच्या एकेका बाजूची दुकानं क्रमांकाने येतात आणि मध्ये 'इथे अमुक रस्ता लागतो' अशी ओळ असते. कोपरा कुठे पडतो ते तिनेच समजतं. माहिती आदल्या वर्षी गोळा झालेली असू शकते, तेव्हा एक वर्ष मागेपुढे धरा. क्रमांक जुळत नसतील तर पॅरेडला आधी स्वतःचे आकडे होते आणि नंतर ते रस्त्याच्या आकड्यांत मिसळले, असं झालं आहे का ते पाहा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे मोठ्या प्रमाणाचे जुने नकाशे फुकट पाहता येतात. त्यांतल्या काहींवर घरक्रमांक असतात, दुकानांची नावं सहसा नसतात.

कागदाने पक्कं झालेलं शाईने गिरवा, फक्त आठवणीतलं पेन्सिलीतच राहू द्या. दोघांचं जमत नसेल तर दोन्ही लिहा, पुढे सांगणाऱ्याचं जन्मवर्ष टाका. जिवंत दुकानदाराचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. रोलच्या मागे रस्ता, बरो आणि तारीख घाला, आणि स्कॅन केलेली एक प्रत त्याच संग्रहात द्या.