15 वर्षं झालेल्या दुचाकीचं री-पासिंग: मुदत हुकते ती चेसिस नंबरापाशी

आरसी काढून रजिस्ट्रेशनची वैधता कधी संपते ते बघा. खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं मिळतात, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, म्हणजेच री-पासिंग. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. ‘शेवटच्या आठवड्यात होतंय की’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. उशीर झाला की दुचाकीला महिन्याला 300 रुपये जादा, आणि एक दिवस उलटला तरी अख्खा महिना धरतात.

इन्शुरन्स, पीयूसी, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी आणि थकलेली ई-चलानं आधीच मार्गी लावा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

आता चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या फ्रेमवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक. खरी अडचण इथेच आहे, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. तपासणीला गाडीवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. मोटारसायकलला तो बहुतेक हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर उजवीकडे असतो. 15 वर्षांची धूळ, ऑईल आणि गंज यांचा थर बसून तिथे नुसता काळा पट्टा उरतो.

माझी मुदत जानेवारीत संपत होती. सोलापूरची गड्ड्याची यात्रा, घरात पाहुणे, म्हणून मी गाडी गॅरेजमध्ये टाकली आणि ‘नंबर तेवढा साफ करून ठेवा’ एवढंच सांगितलं. त्या माणसानं ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फिरवला. पत्रा चकाचक झाला, पण शेवटून दुसरा आकडा 3 आहे की 8 ते कळेना. गाडी तपासणीतून परत आली, मुदत टळली, आणि पुढचे कित्येक दिवस त्या एका आकड्यापायी हेलपाटे.

म्हणून हे काम स्वतः करा, तेही अर्ज भरण्याआधी. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून नंबरावर अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासा. गंज राहिलाच तर अगदी बारीक पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून, दोन-चार हात. ग्राइंडर नको, पटाशी नको, वरून रंग तर मुळीच नको. कोरडं झाल्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. सगळी अक्षरं उमटली की तो कागद आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर बोट लावून ताडून बघा.

एखादं अक्षर उमटतच नसेल तर कोणी ‘पंच मारून देतो’ म्हणेल. बिलकूल करू देऊ नका. आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर पुन्हा पंच करता येत नाही, आणि तसं केलेली गाडी चोरीची ठरायला वेळ लागत नाही. सरळ आरटीओत जाऊन रीतसर परवानगी मागा. यालाच दिवस लागतात, ते 60 दिवस त्यासाठीच हाताशी हवेत.

बाकी सोपं आहे. वाहन पोर्टलवर फॉर्म 25 (नूतनीकरणाचा अर्ज), फी आणि पर्यावरण कर भरा, अपॉइंटमेंट घ्या. एमएच-45 वाल्यांनी ऑफिस अकलूज निवडायचं, सोलापूर नव्हे. तपासणीला दिवा, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक चालू हवेत.

पासिंग झालं की त्याच दिवशी नंबरावर ग्रीसचा पातळ हात फिरवा, आणि नव्या आरसीवरची तारीख नीट वाचून घ्या.