कोपिनेश्वरची सवय आणि क्योतोचं यासाका मंदिर: दर्शन आणि गिओन मात्सुरी

कोपिनेश्वरच्या दारात चपला काढणाऱ्या ठाणेकराचा हात जपानमधल्या क्योतोच्या यासाकातही आपसूक पायाकडे जातो. अंगणात बूट पायातच राहू द्या. मोठा घोटाळा होतो तो पाण्यापाशी.

कमानीतून, म्हणजे तोरीतून, शिरताना थोडं वाका आणि कडेने चाला. मधली वाट देवाची. मग दगडी कुंडावरची लांब दांड्याची पळी उजव्या हाताने एकदाच भरायची. आधी डावा हात धुवा, पळी डावीकडे घेऊन उजवा. पुन्हा उजवीकडे घेऊन डाव्या तळव्यात पाणी घ्या आणि चूळ भरा. आपण तीर्थ उजव्या हातावर घेतो, म्हणून इथेच हात चुकतो. पाणी गिळू नका, पळीला तोंड लावू नका, चूळ कुंडाबाहेर टाका. डावा हात परत धुऊन पळी उभी धरा, की उरलेल्या पाण्याने दांडी धुतली जाते. पळीऐवजी नुसती धार असेल तर क्रम हाच.

देवासमोर आधी नाणं पेटीत. ५ येनचं उत्तम, कारण 'गो-एन'चा दुसरा अर्थ ऋणानुबंध. मग दोरी हलवून घंटा, दोनदा कमरेतून वाकणं, दोन टाळ्या, मनातलं मागणं, शेवटी एकदा वाकणं. हार-नारळ नेऊ नका.

इथला उत्सव, गिओन मात्सुरी, जुलैभर चालतो. मूळ ८६९ सालच्या साथीत, तेव्हा ती शमावी म्हणून ६६ भाले उभारले होते. जुलैत इथले भाविक काकडी वर्ज्य करतात, आपल्या चातुर्मासातल्या कांदा-लसणासारखी. कापलेली चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते म्हणून.

१७ तारखेला सकाळी ९ वाजता शिजो-कारासुमा चौकातून २३ रथ निघतात, नागिनाता-होको सर्वांत पुढे. जागा धरायची तर शिजो-कावारामाची चौकात, पण लवकर. रथाची चाकं वळत नाहीत. म्हणून या चौकात खाली चिरलेले बांबू टाकून, पाणी ओतून, दोर ओढत १२ टनांच्या आसपासचा रथ टप्प्याटप्प्याने ९० अंशांत फिरवतात. तुमच्या दहीहंडीच्या गर्दीचा सराव उपयोगी पडेल, मात्र उन्हासाठी टोपी आणि पाणी हवंच.

रथ पाहून हॉटेलवर परतू नका. देव निघतो संध्याकाळी, यासाकातून, तीन मिकोशींत, म्हणजे पालख्यांत. त्या २४ तारखेपर्यंत शिजो रस्त्यावरच्या मुक्कामी असतात.

रथांपाशी चिमाकी, म्हणजे पानांत गुंडाळलेला रक्षणाचा ताईत, विकत मिळते. ती वर्षभर दारावर टांगायची. त्याच नावाची मिठाईही असते, म्हणून पानं सोडून पाहणाऱ्याच्या हाती नुसतं गवत लागतं.